चाकं चकाकली, समईचं काय?

देवदिवाळीला आमच्या म्हसवडात सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. त्या दिवशी गावात गुलालाशिवाय दुसरा रंग दिसत नाही. माणसं, घरं, रस्ते सगळं गुलाबी! गेल्या यात्रेला आमची गाडीही त्यातून सुटली नाही. गाडी तशी जुनीच, सेकंडहँड घेतलेली. पण तिला अ‍ॅलॉयची चाकं आहेत, याचा आमच्या चिरंजीवांना कोण अभिमान! मला आपलं वाटायचं, चाक म्हणजे चाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीव बाथरूमची फरशी धुवायचं अ‍ॅसिड घेऊन अंगणाकडं निघाले. म्हटलं, "कुठं रे?"

"चाकं घासतो. गुलाल आणि मातीनं वाट लागलीय."

मी आधी ती बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. "अरे, ही जर्मलची जात आहे. अ‍ॅसिड लावशील तर चाकं कायमची जातील."

जर्मल म्हणजे आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅलॉयचं चाक हे मुख्यत्वे अ‍ॅल्युमिनियमचंच, त्यात थोडं सिलिकॉन, किंचित मॅग्नेशियम. आता भांडी घासत जन्म गेलेल्या बाईला एवढं तरी कळतंच की, तांब्या-पितळेला चिंच चालते, पण जर्मलच्या पातेल्याला सोडा लावला की ते काळंठिक्कर पडतं. आंबट आणि खारं, दोन्ही त्याला सोसत नाही.

यात्रेसाठी आलेले माझे दीर ओट्यावर चहा घेत बसले होते. आमच्या माणातले, खानापूर-आटपाडीकडचे कितीतरी जण सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेत, त्यातलेच ते एक. ते हसून म्हणाले, "वहिनी बरोबर सांगतायत. चांदी नायट्रिक अ‍ॅसिडात विरघळते, सोनं विरघळत नाही, एवढ्यावर तर आमचं पोट चालतं. धातू ओळखल्याशिवाय औषध लावायचं नसतं."

मग काका-पुतण्या रीतसर कामाला लागले. गाडी सावलीत घेतली. चाकं गार झाल्याची खात्री केली, कारण गरम चाकावर साबण वाळतो आणि डाग पडतात. नळी लावायची नाही, हे मी आधीच बजावलं. २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी होती, तेव्हा मी तिथं कामाला जायची. घागरभर पाण्यासाठी ताटकळलेल्या बाया ज्यांनी पाहिल्या, त्यांच्यानं धो धो पाणी सोडून गाडी धुववत नाही. दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. त्यात चारही चाकं झाली.

आधी पाणी टाकून माती सैल केली. मग गाडीचा शाम्पू आणि मऊ ब्रश. तारेची घासणी अजिबात नाही. चाकावरचा काळा थर नुसती धूळ नसते, ब्रेक घासून उडणारी लोखंडाची भुकटी त्यात असते. ती कोरडी घासली की चरे पडतात. एकेक चाक धुऊन लगेच पुसायचं.

खरी गंमत पुढंच. बऱ्याचशा अ‍ॅलॉय चाकांवर पारदर्शक लॅकरचा थर असतो. तो आहे की नाही, हे कसं ओळखायचं? चाक स्वच्छ झाल्यावर पांढऱ्या फडक्यावर थोडं धातूचं पॉलिश घ्यायचं आणि आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी चोळायचं. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे, त्याला पॉलिश चालतं. फडकं स्वच्छ राहिलं तर वर लॅकर आहे, तिथं फक्त गाडीचं मेण. लॅकर निघालेल्या चाकावर ओला पॉलिश पेपर मारतात, ४०० नंबरपासून २०००पर्यंत, जाड ते बारीक. पण त्यावर पुन्हा लॅकर मारावं लागतं, नाहीतर चमक टिकत नाही. चाकाला तडा असेल किंवा कड वाकली असेल, तर घासत न बसता कारागिराला दाखवावं. आणि मेण असो की पॉलिश, ब्रेकच्या चकतीला लागता कामा नये, नाहीतर चमकणारी गाडी थांबायचीच नाही!

आमच्या चाकांवर लॅकर निघालं. मेण लावून, फडक्यानं चोळून चोळून दुपारी दोनपर्यंत चिरंजीवांनी चाकांचे आरसे केले. शेजारचे बघायला आले. भावजींनी पाचशेची नोट हातावर ठेवली. मीही कौतुकानं मोबाइल काढला, फोटो घेतले, माहेरी पाठवले. "स्वतः केलंय हं सगळं," असं वर लिहिलंसुद्धा.

तेवढ्यात मागून कन्या म्हणाली, "आई, माझ्या समईचा फोटो काढलास का कधी?"

मी वळून पाहिलं. मोरीपाशी तिनं समई, निरांजनं, तांब्या, घंगाळ सगळं चिंच लावून लख्ख केलं होतं. पाहुण्यांचं घर म्हणून पहाटे पाचला उठली होती पोरगी. तिचेही तळवे लाल झाले होते. पण तिच्या हातावर ना कुणी नोट ठेवली, ना कुणी बघायला आलं. खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही.

बचत गटाच्या बैठकीत मी वर्षानुवर्षं बायकांना सांगत आलेय, "बाई गं, 'मी काही करत नाही, घरीच असते' असं म्हणू नका." आणि माझ्याच अंगणात मी काय केलं? मुलानं घासलं ती कला, मुलीनं घासलं ते काम!

बारकाईनं पाहिलं तर दोघांनी केलं ते एकच. धातू ओळखायचा, त्याला सोसेल ते लावायचं, चरा न पाडता घासायचं, लगेच पुसून कोरडं करायचं. शहरात हेच काम चाकांवर केलं तर त्याला डिटेलिंग म्हणतात आणि त्याचे चांगले पैसे मोजतात. पितळेवर केलं तर विचारतात, "अजून आवरलं नाही का?"

सरकारच्या २०२४च्या वेळ वापर पाहणीत दिसलं, की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. तेही जे पुरुष अशी कामं करतात, त्यांची ही सरासरी. न करणारे तर हिशेबातच नाहीत. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. रोजचे. सुट्टी नाही, की यात्रेची नोट नाही.

मुलानं चाकं घासू नयेत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. उलट स्वतःच्या हातानं काम करणारा मुलगा मला आवडतो. ज्याला चार तास फडकं चोळता येतं, त्याला तवाही घासता येतो, एवढं मात्र त्या दिवशी सिद्ध झालं. येत नव्हतं असं काही नव्हतंच, आम्हीच कधी सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनो, ती चूक माझ्यासारख्या आयांचीही आहे.

त्या रविवारी मी कामं बदलून दिली. कन्येनं चाकं धुतली, मेण लावलं आणि जाता जाता स्टेपनीचा जॅक कसा लावायचा तेही शिकून घेतलं. चिरंजीव मोरीपाशी बसले. थोडी कुरकुर झाली. मग आतून हाक आली, "आई, निरांजनाला चिंच किती वेळ ठेवायची?"

म्हटलं, "तुझ्या ताईला विचार. तिला जास्त कळतं."

त्या दिवशी समईचाही फोटो काढला. तोही माहेरी पाठवला.