‘रिझर्व्ह’ : शब्द एक, अर्थ अनेक



आमच्या विहारातील संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला आठवीतली एक मुलगी येते. हुशार, पण बोलणे कमी. परवा तिने प्रगतिपुस्तक दोन दिवस दप्तरात लपवून ठेवले. आईने विचारले तर रडू लागली. शेवटी माझ्यापुढे आणून ठेवले. बाईंनी इंग्रजीत शेरा दिला होता : मुलगी हुशार आहे, पण फार ‘रिझर्व्हड’ आहे.

“काका, बाईंनी माझी जात लिहिली,” ती म्हणाली.

मी समजावले, “अगं, इथे त्याचा अर्थ मितभाषी. तू मन मोकळे करीत नाहीस, एवढेच बाईंना म्हणायचे आहे.” तिला पटले. ती हसलीसुद्धा. मला मात्र हसू आले नाही. तेरा वर्षांच्या मुलीला या शब्दाचा तेवढा एकच अर्थ कोणी शिकवला? शब्दकोशाने नव्हे, मधल्या सुट्टीतल्या टोमण्यांनी.

त्या दिवशी गणित बाजूला ठेवून फळ्यावर हाच शब्द लिहिला. मूळ लॅटिन, अर्थ ‘मागे राखून ठेवणे’. मुलांना विचारले, कुठे कुठे ऐकलात? भराभर हात वर झाले. रेल्वेचे रिझर्व्हेशन. बाबांची गाडी रिझर्व्हला लागते, म्हणजे टाकीत थोडेच पेट्रोल उरते. कबड्डीतला राखीव खेळाडू. राज्य राखीव पोलीस दल. मी भर घातली : न्यायालय निकाल राखून ठेवते, पुस्तकाचे हक्क राखीव असतात, लिलावात राखीव किंमत असते, तिच्याखाली माल विकत नाहीत. आणि एखादा साहेब म्हणाला, ‘आय हॅव रिझर्व्हेशन्स’, तर त्याने तिकीट काढले असे समजू नका. त्याच्या मनात किंतु आहे!

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. मध्यवर्ती बँकेची शिफारस करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी १९२५ साली साक्ष दिली होती. हे ऐकून मुलांचे डोळे चमकले.

मग आपल्या अर्थाकडे वळलो. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. राज्यघटनेचे कलम १६(४) शासकीय सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गांसाठी जागा राखून ठेवण्याची मुभा देते. ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द मी दोनदा अधोरेखित केला. तिथे दया हा शब्द नाही.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. कंपनीच्या ताळेबंदात ‘रिझर्व्ह’ कोणत्या बाजूला लिहितात? नवशिक्याला वाटते, मालमत्तेच्या. नाही, देण्याच्या बाजूला! कारण तो पैसा भागधारकांचा. न वाटता मागे राखून ठेवलेला असतो, म्हणून कंपनी तो त्यांना देणे लागते. देशाच्या ताळेबंदातही आपला रकाना त्याच बाजूचा आहे. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून जे घातले, त्याचे ते देणे आहे. देणे मागणाऱ्याने मान खाली का घालावी?

शेवटी फळ्यावरची यादी वाचायला कोण उठणार, असे विचारले. तीच मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात सगळी यादी वाचली.

पालकहो, मुलांना शब्दांचे सगळे अर्थ घरीच सांगा. नाहीतर दुसरे त्यांना एकच सांगतील.