राक्षस पडला पाहिजे

राक्षसाच्या कामाला अक्कल लागत नाही, नुसता आवाज लागतो, असं म्हणणारा माणूस मला दर जत्रेला भेटतो. आमचं वालावल तसं शहाण्यांचं गाव. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारी तळं, खाली कर्ली नदी, आणि दशावतार पहिल्यांदा आमच्याच देवळात उभा राहिला असं छातीवर हात ठेवून सांगणारे म्हातारे. (शेजारच्या गावांचं यावर काय म्हणणं आहे ते मी लिहीत नाही. शेजारधर्म आहे.) पण राक्षसाचा विषय निघाला की हे शहाणपण तळ्यात बुडतं.

यंदा त्यात मुंबईहून आलेल्या आमच्या साडूंची भर पडली. "अहो, शेवटी राक्षस मरणार हे ठरलेलंच ना? मग रात्रभर जागायचं कशाला?" हे विचारणारे गृहस्थ घरी नातवाला मांडीवर घेऊन टीव्हीवर अमेरिकेतल्या कुस्त्या बघतात. त्यांचे निकालही आधीच ठरलेले असतात हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण तिथं तो 'शो', आणि आमच्याकडे मात्र 'ठरलेलं'!

बरं, ठरलेलं काय असतं ते तरी बघा. दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. आख्यान ठरतं, कोणी कोणाला मारायचं ते ठरतं. बाकी भाषणं नटानं उभ्या उभ्या करायची. सामान म्हणाल तर एक बाक, आणि बाजूला पायपेटी, पखवाज, झांज. त्या बाकावर राक्षस बसला की ते सिंहासन. म्हणजे साध्या बाकाचं सिंहासन करायचं ते स्वतःच्या तोंडानं, आणि मग त्यावरून गडगडायचं तेही स्वतःच. याला अक्कल लागत नसेल तर ती जगात कशालाच लागत नाही.

आता संकासुराचं उदाहरण घ्या. मुख्य आख्यानाच्या आधी तो येतो. काळा वेष, लोंबणारी लाल जीभ, अस्सल मालवणी बोलणं. हा मनुष्य प्रत्यक्ष वेद पळवतो, तरी पोरंबाळं त्याच्यावर खूश! कारण उघड आहे. त्याच्याकडे बाक नाही. चोराला आपण हसतो; चिडतो ते बाकावर बसलेल्यावर. तेव्हा खरी कसोटी राजा असलेल्या राक्षसाची.

हा राजा नुसता ओरडला की फसला. ओरडणाऱ्याला कोणी भीत नाही, घरीही नाही. तो नियमानं वागला पाहिजे. हिरण्यकश्यपू बघा. माणसाच्या हातून नाही, जनावराच्या नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, असा वर घेऊन बसलेला. एखाद्या निष्णात वकिलानं करारनामा केल्यासारखा! प्रल्हादाला तो छळतो तेव्हा आपला संताप होतो तो मारण्याचा नव्हे, याचं कोणी काही वाकडं करू शकत नाही याचा. आणि मग नरसिंह उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला, मांडीवर घेऊन, नखांनी तो करारनामा कलमवार फाडतो. कलम आधी नीट ऐकू आलं नसेल तर फाडण्यात मजा काय?

दुसरी गोष्ट म्हणजे त्यानं घाबरलं पाहिजे. इथं कंसाचा हात धरणारा कोणी नाही. आकाशवाणी झाल्यापासून त्या माणसाला झोप नाही. आणि साडूंना मी मुद्दाम सांगितलं की दगलबाज मालकानं भरवलेली कुस्ती ही काही अमेरिकेची मिरास नव्हे. कृष्णाला आमंत्रण देऊन बोलवायचं, दारात कुवलयापीड हत्ती उभा करायचा, आत चाणूर आणि मुष्टिक तयार ठेवायचे आणि आपण उंच मंचावर बसायचं! सगळी व्यवस्था कंसाची. मल्ल पडल्यावर कृष्ण मंचावर चढून त्याचे केस धरतो. त्या क्षणासाठी लोक पहाटेपर्यंत बसलेले असतात. चाणूराशी कोणाचं काही वैर नसतं.

अमेरिकेतल्या कुस्त्यांचे तेव्हाचे मालक व्हिन्स मॅकमॅहन यांनी हीच युक्ती चालवली. नोव्हेंबर १९९७मध्ये माँट्रियलला त्यांनी ब्रेट हार्ट या आपल्याच मल्लाला खरोखर फसवून हरवलं. लोक खवळले. तेव्हा हे गृहस्थ सरळ खलनायक मालक म्हणूनच आखाड्यात वावरू लागले आणि स्टीव्ह ऑस्टिन नावाच्या मल्लाचा मार कोट-टायसकट खात राहिले. मार खाल्ला म्हणून चालले. पुढे २०१३पासून त्यांची मुलगी आणि जावई यांनी 'अथॉरिटी' म्हणून गादी चालवली. नोव्हेंबर २०१४मध्ये त्यांचा पराभव झाला, सत्ता गेली, लोक नाचले. आणि वर्ष संपायच्या आत दोघं पुन्हा जागेवर! याला राक्षस म्हणत नाहीत, मुदतवाढ म्हणतात.

मुदतवाढीचं मला कौतुक सांगू नका. माझ्या नोकरीत अकरा साहेब आले आणि गेले. त्यांतल्या चारपाच जणांकडे हिरण्यकश्यपूचे गुण होते. एकालाही कोणी खुर्चीवरून खाली ओढलं नाही. सगळ्यांची रीतसर बदली झाली, आणि प्रत्येकाच्या निरोपसमारंभाला मी पाच पाच रुपये वर्गणी देऊन टाळ्या वाजवल्या. गावात प्रत्येकाचा असा एखादा साहेब असतोच. कुणाचा सावकार, कुणाचा थोरला भाऊ. वर्षातून एक रात्र तो बाकावरून खाली येताना दिसतो. तेवढ्यासाठी मी थंडीत कानटोपी घालून बसतो, साडूंनी काहीही म्हणोत.

आणि म्हणूनच हल्लीच्या ट्रिकसीनवर माझा राग आहे. दिव्यांवर नव्हे, हिशेबावर. मागे एका कंपनीचा राक्षस धुरातून आला. लाल-निळा उजेड, तोंडातून ठिणग्या. बाकावर बसायलाच त्याला पंधरा मिनिटं लागली. पोरांनी शिट्या मारल्या. राजाला त्या एवढ्या गोड लागल्या की तो पुढे तासभर शिट्यांसाठीच बोलत होता. ज्याला छळायचं तो बिचारा कोपऱ्यात उभा. तोवर उजाडायला आलं, दहीहंडीची घाई झाली, देवानं दोन गिरक्यांत त्याला आटोपला. पडला तोही असा बेतानं, की डोक्यावरचा मुकुट हलला नाही. माझ्यापुढची म्हातारी उठली, चटई झाडली आणि सुनेला म्हणाली, "मेलो मां? चला मगे."

कंपनीच्या मालकांना मी रंगपटात जाऊन सांगितलं, धूर अर्धा करा आणि मुकुट ढिला बांधा.