प्लेट निघण्यापूर्वी फाईल परत करा

रमजानचे वेळापत्रक छापणे ही आपल्या व्यापारी बांधवांची जुनी रीत आहे. कापडवाला असो, अत्तरवाला असो की बेकरीवाला, वर सेहरी-इफ्तारच्या वेळा आणि खाली दुकानाचे नाव अशी जाहिरात तो दरवर्षी देतो. त्यात सवाबही असतो आणि धंदाही. काही वर्षांपूर्वी अशीच एक पानभर जाहिरात एका वृत्तपत्रात गेली. हिरव्या पट्ट्यावर पांढऱ्या आकड्यांत इफ्तारच्या वेळा होत्या. पडद्यावर ती दुकानदाराने पाहिली, एजन्सीने पाहिली, आम्हीही पाहिली. सकाळी अंक हाती आला तो सेहरीचा रकाना जागच्या जागी आणि इफ्तारचा रकाना नुसता हिरवा! महिन्याभरातली एकही वेळ त्यात नव्हती.

दुकानदाराने पैसे देण्यास नकार दिला, यात त्याचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. छापखाना म्हणाला, पीडीएफ जशी आली तशी छापली. एजन्सीने दोन्हीकडे तोंड बंद ठेवले आणि डीटीपी करणाऱ्या मुलाच्या पगारातून रक्कम कापून घेतली. या शेवटच्या गोष्टीबद्दल आज लिहावयाचे आहे, कारण छपाईच्या धंद्यात आपले पुष्कळ तरुण आहेत आणि असा दंड त्यांना नवा नाही.

झाले काय होते? ते आकडे मुळात काळे होते. काळ्या अक्षरांना 'ओव्हरप्रिंट' लावतात, म्हणजे खालचा रंग न कापता काळी शाई त्यावर चढते आणि रजिस्टर थोडे हलले तरी अक्षराभोवती पांढरी रेघ दिसत नाही. नंतर कुणीतरी आकडे पांढरे केले, ओव्हरप्रिंट तसेच राहिले. आता छापखान्यात पांढरी शाई नसते. पांढरे म्हणजे तेवढा कागद कोरा सोडणे. ओव्हरप्रिंटने तर खालचे काही कापू नका असे सांगितलेले. मग हिरवे सलग छापले गेले. पीडीएफ उघडताना ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू नसेल तर पडद्यावर आकडे स्वच्छ दिसतात. प्लेट काढणारी काही यंत्रणा असे पांढरे ओव्हरप्रिंट आपोआप काढून टाकते, सगळ्या नाही. एका छापखान्यात चालून गेलेली फाईल दुसऱ्यात दगा देते ती अशी.

वृत्तपत्राचा कागद हा ऐब झाकून घेणारा कागद नव्हे. लग्नपत्रिकेच्या चकचकीत आर्टपेपरवर जे खपते ते न्यूजप्रिंटवर खपत नाही. हा कागद शाई पितो, ठिपका पसरतो. म्हणून चारही शाया मिळून २४० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असा वृत्तपत्र छपाईचा दंडक आहे. मोबाइलवर किंवा पत्रिकेसाठी केलेल्या डिझाइनमध्ये काळसर जागी ही बेरीज ३०० च्या पुढे सहज जाते. मग शाई सुकत नाही आणि समोरच्या पानावर डाग पडतो. आरजीबी रंगातल्या फाईलची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातला काळा मजकूर छपाईसाठी बदलताना चार शायांत फुटतो. एका शाईचे बारीक अक्षर चार प्लेटांवर गेले की वेगाने धावणाऱ्या मशीनवर ते एकावर एक बसणे कठीण. ६ चा ८ दिसू लागतो. कापडाच्या भावात ही चूक निभावून नेता येईल. इफ्तारच्या वेळेत कशी निभावणार?

फॉन्टचे दुखणे तर आपल्याकडे नेहमीचेच. पीडीएफमध्ये फॉन्ट भरला नसेल तर यंत्र दुसराच घेते आणि जुन्या मराठी फॉन्टच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. उर्दू ओळ असेल तर जास्तच सांभाळावे लागते. इनपेजमधला नूरी नस्तालीक अनेक फॉन्ट-फाइलींत विभागलेला असतो; त्यातली एक निसटली की एखाद-दुसरा शब्दच गायब होतो आणि उर्दू न वाचणाऱ्या ऑपरेटरला ते कळतही नाही. कातिबाच्या हातून चूक होई, पण ती त्याला दिसत तरी असे.

आता अशी फाईल आली म्हणजे काय होते? गुरुवारची रात्र, पान सोडायची घाई. ऑपरेटर पीडीएफ कोरलमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये उघडतो, हाताने दुरुस्त करतो आणि सोडून देतो. कुणाला काही विचारत नाही, कारण वरून हुकूम असतो, 'काहीतरी करून लाव.' आमचा विरोध आहे तो याच वाक्याला. एक जागा सुधारायला फाईल उघडली की तिसऱ्याच जागी काना-मात्रा सरकते. अ‍ॅडोबीने २०२३ साली टाइप १ प्रकारच्या जुन्या फॉन्टचा आधार काढून घेतला, तेव्हापासून जुनी आर्टवर्क उघडताना हा धोका वाढला आहे. अगदी नाइलाज झाला तर सगळे पान चित्र करून टाकतात. त्याने मजकूर बदलत नाही हे खरे, पण बारीक अक्षराची कड भुरकट होते.

मालातला ऐब सांगितल्याशिवाय माल विकू नये, ही शिकवण आपण दुकानात पाळतो, निदान पाळावी असे मानतो. फाईल हाही मालच आहे. छापखान्याला ऐब दिसला आणि त्याने तो न सांगता रंग लावून झाकला, तर सकाळी जे निघेल त्याची जबाबदारी छापखान्याची. उलट त्याने प्लेट निघण्याआधी दाखवून दिला आणि तरीही एजन्सी 'चालवून घ्या' म्हणाली, तर ती एजन्सीची. आणि कुणी तपासलेच नसेल, तर तपासणीसाठी वेळ न देणाऱ्या मालकाची. यातल्या कोणत्याही हिशेबात ऑपरेटरच्या मजुरीला हात लावण्याचा हक्क कुणाला पोहोचत नाही. कामगाराला एक रात्र आणि वीस फाइली द्यायच्या, ओव्हरप्रिंट तपासायचे साधन द्यायचे नाही आणि चुकले की पगार कापायचा, हा व्यापार नव्हे.

यावर काही छापखानेवाले म्हणतात, दुकानदाराला यातले काय कळते? त्याला फाईल परत केली तर तो जाहिरातच दुसरीकडे नेईल. ही भीती खोटी नाही. पण दुकानदाराला सगळे कळण्याची गरजही नाही. पीडीएफ एक्स-१ए नावाचे प्रमाण २००१ पासून आहे. त्यात सगळे फॉन्ट भरलेले असावे लागतात, आरजीबी रंग चालत नाहीत आणि पारदर्शक थर चालत नाहीत. पारदर्शक थर चालू देणारे एक्स-४ त्यानंतर आले. दुकानदाराने आपल्या डिझायनरला एवढेच सांगावे की वृत्तपत्रासाठी यातली फाईल दे. एक्स-१ए झाली म्हणून पांढरे ओव्हरप्रिंट किंवा जास्तीची शाई सापडेल असे मात्र नाही. ते वेगळे तपासावे लागते, ते काम छापखान्याचे. दुकानदाराच्या हातात आहे ते इतके साधे: दुकानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नव्हे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर तो दाबून लहान होऊन येतो आणि छापल्यावर चौकडी दिसते.

आणि छापखान्यांनी तपासणीचे पैसे उघडपणे बिलात लावावेत. आज ते काम फुकट समजले जाते म्हणूनच घाईत होते. फाईल एक दिवस आधी मागावी, ऐब असेल तर कुठे आहे ते खूण करून परत पाठवावे, आणि शेवटचा प्रूफ पडद्यावर न दाखवता कागदावर, ओव्हरप्रिंट धरून काढून दुकानदाराची सही घ्यावी. वेळापत्रक असेल तर एकाने मशिदीचा तक्ता वाचावा आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवावे. त्या मुलाची कापलेली रक्कम एजन्सीने अजून परत केलेली नाही.