खोदलेला रस्ता आणि पायी चालणारा

सकाळी शाळेची वेळ झाली की शहरातील रस्ते मुलांनी फुलून जातात. अशाच एखाद्या दिवशी नेहमीचा रस्ता एका बाजूने खोदलेला दिसतो. पदपथावर मातीचा ढिगारा, ढिगाऱ्यापलीकडे उघडा चर आणि उरलेल्या अरुंद वाटेने धावणाऱ्या मोटारी! मुलांनी चालावे तरी कोठून? धीट मुले चरावरून उडी मारतात, भित्री मुले वाहनांच्या गर्दीत उतरतात आणि काठी टेकीत आलेले एखादे वृद्ध गृहस्थ तेथेच थबकून उभे राहतात.

रस्ता खोदणे हा काही अपराध नव्हे. शहराचे जीवन जितके रस्त्यावर दिसते, तितकेच ते रस्त्याखालीही वाहत असते. मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले. पुढे रस्त्यांच्या पोटात सांडपाण्याची गटारे, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा व गॅसच्या नळ्या यांची भर पडत गेली. नळ फुटला किंवा तार तुटली, तर जमीन उकरावीच लागते. उन्हातान्हात चरात उतरून राबणाऱ्या मजुरांमुळेच घरोघरी पाणी व प्रकाश पोहोचतो. तेव्हा रस्ता खोदावा की नाही, हा प्रश्नच नाही. खोदताना पायी चालणाऱ्याचा विचार होतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

पुष्कळदा तो होत नाही. मोटारींना कोठून वाट द्यावी, याची काळजी प्रथम वाहिली जाते. पादचारी मात्र आपली वाट आपणच शोधील, असे गृहीत धरले जाते. वास्तविक रस्त्यावर सर्वांत असहाय असतो तो हा पादचारीच. मोटारीत बसलेल्याभोवती लोखंडाचा पत्रा असतो. चालणाऱ्याच्या अंगावर केवळ कपडे असतात. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक. हे सर्व अपघात खोदकामापाशी घडले असे नव्हे. परंतु ज्याला एरवीही इतका धोका आहे, त्याचा पदपथही काढून घेतला, तर त्याने जावे कोठे?

पावसाळ्यात तर हा धोका डोळ्यांना दिसतही नाही. पाण्याने भरलेला खड्डा आणि उथळ डबके वरून सारखेच भासतात. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत अतिवृष्टी झाली. त्या सायंकाळी एक ख्यातनाम डॉक्टर साचलेल्या पाण्यातून पायी घरी निघाले आणि गटाराच्या उघड्या तोंडात पडून प्राणास मुकले. पाणी लवकर ओसरावे म्हणून त्याचे झाकण काढण्यात आले होते. हेतू लोकांच्या सोयीचाच होता. पण धोक्याची पुरेशी खूण तेथे नव्हती. नुसता चांगला हेतू पुरेसा नसतो, सावधगिरीची जोड त्याला हवीच, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला.

सावधगिरी कशी घ्यावी, हे काही गूढ नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने त्यासाठी मार्गदर्शक नियम केले आहेत. त्यांत कामाच्या जागेचे चार भाग कल्पिले आहेत. पहिल्या भागात पूर्वसूचनेचे फलक असतात; लाल कडांच्या त्रिकोणात फावडे मारणाऱ्या माणसाचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. दुसऱ्या भागात वाहने हळूहळू एका बाजूला वळविली जातात. तिसरा भाग प्रत्यक्ष कामाचा, आणि चौथ्यात वाहने पुन्हा मूळ मार्गावर येतात. चराभोवती भक्कम कुंपण हवे. नुसत्या दोरीने अंध माणसाला अडसर कळत नाही; त्याची पांढरी काठी तिच्याखालून सहज निघून जाते. रात्री दिवे हवेत. पदपथ बंद केला, तर वाहनांपासून अलग केलेली दुसरी वाट पादचाऱ्यांस दिली पाहिजे आणि घरांपुढील चरावर कठडा असलेली फळी टाकली पाहिजे.

यावर कोणी म्हणतात, "काम एका दिवसाचे, त्यासाठी एवढा खर्च कशाला?" परंतु पाय घसरायला एक क्षणही पुरतो. दुसरे म्हणतात, "वाट पादचाऱ्यांना दिली, तर वाहने खोळंबतील." खोळंबतील हे खरे. पण मोटारीला झालेला पाच मिनिटांचा उशीर भरून काढता येतो; मोडलेला पाय किंवा गेलेला जीव भरून काढता येत नाही. शिवाय जे कुंपण पादचाऱ्याला चरापासून राखते, तेच चरातील मजुराला भरधाव वाहनांपासून राखते. म्हणून कुंपण, फलक व दिवे हा कामावरचा जादा खर्च नसून कामाचाच एक भाग होय. ज्या कामात तो नाही, ते काम अपुरे समजावे.

चालण्यासाठी सुरक्षित वाट मिळणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या जीविताच्या हक्कातच पादचाऱ्यांच्या पदपथाचा हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

मात्र हक्काबरोबर कर्तव्यही येते. घाई झाली म्हणून कुंपण बाजूस सारणे, गंमत म्हणून फलक फिरविणे किंवा चरावरून उड्या मारणे, हे सुजाण मुलांना शोभत नाही. एकाने सरकवलेल्या फळीवरून दुसऱ्याचा पाय घसरतो. उघडा खड्डा दिसल्यास ती गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांच्या किंवा शिक्षकांच्या कानांवर घालावी, म्हणजे ते ती नगरपालिकेस कळवतील.

खोदलेला रस्ता आज ना उद्या बुजविला जातो. पण तो उघडा असताना लहान मूल, वृद्ध आणि अंध यांना तेथून निर्भयपणे जाता आले की नाही, यावरूनच त्या शहराच्या सुसंस्कृतपणाची पारख करावी.