पहिला प्रश्न कोणता?



परदेशात लुटला गेलेला मुलगा घरी फोन करतो, तेव्हा पलीकडून येणाऱ्या पहिल्या प्रश्नावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते, असे माझे स्वानुभवाने झालेले मत आहे.

२००२ सालच्या नोव्हेंबरात मी इंग्लंडमधील एका रुग्णालयात नोकरी करीत होतो. रात्री उशिरा काम आटोपून बसथांब्यावर उभा असता दोन तरुणांनी सुरा दाखवून पाकीट, मोबाईल आणि स्टेथोस्कोपसह पिशवी हिसकावून नेली. त्यातील धाकटा तर माझ्या ओपीडीत शोभावा इतका कोवळा होता. इजा म्हणाल तर हाताला खरचटले, एवढीच.

दुसऱ्या दिवशी मी ग्वाल्हेरला, दाल बाजारातील आमच्या घरी फोन लावला. अण्णांनी विचारले, ‘‘इतक्या रात्री एकटा बाहेर पडलासच कशाला?’’ मागे आईच्या रडण्याचा आवाज आला. मी घाईने म्हणालो, ‘‘काही विशेष नाही, सर्व ठीक आहे.’’ त्यानंतर आठ महिने मी घरी केवळ थंडीबद्दल बोललो. मागून पावले वाजली की छातीत धडधडे, रात्री झोप लागत नसे, आणि थांबा टाळण्यासाठी मी मैलभर चालत जाई. यातील एक अक्षरही दाल बाजारात पोचले नाही.

त्याच आठवड्यात व्हिक्टिम सपोर्ट या संस्थेच्या एका वृद्ध स्वयंसेविकेचा फोन आला. गुन्ह्याला बळी पडलेल्यांना आधार देणारे हे काम १९७४ साली ब्रिस्टल शहरात सुरू झाले. बाईंनी विचारले, ‘‘आता सुरक्षित आहात ना? झोप लागते का?’’ त्या परक्या बाईंशी मी अर्धा तास बोललो. जन्मदात्यांशी मात्र दोन मिनिटे बोलू शकलो नव्हतो.

हा दोष केवळ आपल्या घरांचा नव्हे. २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा तेथील पोलिसांनी त्यांना रेल्वेत मातृभाषेत मोठ्याने बोलू नये, लॅपटॉप व आयपॉड उघडे मिरवू नयेत, असा सल्ला दिला होता. सल्ला व्यवहाराचा असेल. पण लुटल्या गेलेल्याच्या कानाला तो आरोपासारखा लागतो.

लुटीची हकीकत सांगावयास ऐकणारा लागतो. १८५७ साली वरसईहून निघून आपल्या ग्वाल्हेरमार्गे गेलेले विष्णुभट गोडसे झाशीच्या लुटीत सापडले. पुढे कित्येक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला, म्हणून त्यांनी सारे लिहून काढले आणि १९०७ साली ‘माझा प्रवास’ आपल्या हाती आला.

अण्णांना मात्र मी दोष देत नाही. मी परतल्यानंतरची गोष्ट. एका सायंकाळी दाल बाजारातील एका आडत्याच्या मुनीमजींची वसुलीची पिशवी भर रस्त्यात कोणी हिसकावली. अण्णा घाईने खाली उतरले, त्यांना आमच्या ओट्यावर बसविले, पाणी दिले आणि विचारले, ‘‘कहीं लगी तो नहीं?’’ मी वरून पाहत होतो. योग्य प्रश्न त्यांना ठाऊक होता! समोरच्या माणसाचे थरथरते हात त्यांना दिसत होते. माझे दिसले नव्हते. दूरच्या मुलासाठी काहीच करता येत नाही, तेव्हा भ्यालेले मन कारण शोधते. कारण सापडले की असे पुन्हा घडणार नाही, असा धीर येतो. तो धीर बापाला मिळतो; मुलाला मात्र अपराधी वाटू लागते.

आपण वैद्यकीय मंडळी आहोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत पाहणे, ऐकणे आणि मदतीशी जोडून देणे, अशी तीनच सूत्रे आहेत. घडलेला प्रसंग त्याच्याकडून बळेच वदवून घेऊ नये. एकाच बैठकीत तो उगाळण्याचा परिपाठ ठेवू नये, असे ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००५ सालीच सांगितले आहे. पहिले काही आठवडे झोपमोड, दचकणे हे स्वाभाविक समजावे. महिन्यापुढे टिकले तर मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पोलिसांत तक्रार, बँकेचे कार्ड बंद करणे, पासपोर्ट गेला असल्यास भारतीय दूतावासाशी संपर्क, ही कामे त्याच दिवशी व्हावीत. पण ती ‘तू असे का केलेस’ या प्रश्नाविना होऊ शकतात.

सावधगिरीचा उपदेश करूच नये काय? अवश्य करावा, परंतु चार दिवसांनी. पोटदुखीने कळवळणाऱ्या बाळाच्या आईला ‘बाहेरचे का खाऊ घातले’ असे आपण दारातच विचारीत नाही. आधी पोटाला हात लावतो.

आज लष्करातील कितीतरी मराठी घरांतील मुले परदेशी आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा असा फोन आलाच, तर पहिला प्रश्न एवढाच असावा : ‘‘बाळा, कुठे लागले तर नाही ना?’’ बाकीचे तो स्वतःच सांगेल.