जुनं सगळंच सोनं नव्हतं



मागच्या महिन्यात आम्ही काही जणी शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना गाडीत नेहमीचा विषय निघाला, पूर्वी किती छान होतं! मोठा वाडा, तीस माणसं, दारात गाय, आणि सगळे दिवस मावळायच्या आत जेवायचे.

सगळे?, मी विचारलं. कुणी बोललं नाही.

माझ्या माहेरी पहिली पंगत पुरुषांची, मग मुलांची, मग सासवांची. थंडीत पावणेसहालाच दिवस बुडतो. दुकानातून माणसं उशिरा आली की आईची नि काकूची पाळी येईपर्यंत अंधार पडलेला असायचा. रात्रिभोजनाचा त्याग, म्हणून दोघी तशाच निजायच्या. लोक म्हणायचे, काय त्यांची धर्मश्रद्धा! अहो, उपवास आपण मनाने धरतो. ही उपासमार होती.

माझी आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली. पाणी गाळणं, जिवाणी विहिरीत सोडणं, पापड-लोणची, सगळ्यांची बाळंतपणं तिच्याकडे. डोहाळजेवणात ओटी भरायला मात्र तिला कधीच कुणी बोलावलं नाही. 1956चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. त्यात विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा आहे, तोही पूर्ण मालकीचा. बी.कॉम.ला असताना हे वाचलं आणि धावत तिला सांगायला गेले. ती म्हणाली, "मी तर कधीच अंगठा दिलाय बाई. कशावर, ते नाही माहीत."

शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाईंनी, स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या, मुंबईत कितीतरी आधी श्राविकाश्रम काढला होता. पण मुंबईच काय, आम्हाला परभणीसुद्धा लांब होती. (हिंगोली जिल्हा झाला 1999 साली.)

आणि मागच्या दाराशी ओंजळ धरून उभी राहणारी कामाची बाई? तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. मुंगीला जपणाऱ्या आमच्या घरात!

आईच्या हातचं तूप आठवलं की माझाही जीव ओढतो, खोटं कशाला बोलू. पण मी कॉमर्सवाली. नुसती जमेची बाजू वाचून दाखवली की मला राहवत नाही.

यंदा चातुर्मासात सुनेने स्वयंपाकघराच्या दारावर सूर्यास्ताच्या वेळा लिहून लावल्या. खाली लिहिलं, ज्यांनी रांधलं त्या आधी बसतील. यांनी दोन दिवस कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी आपलं ताट आपणच वाढून घेतलं.