चाकू लावला की पसरतो म्हणे!

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. लिहू की नको, असं चाललं होतं. कारण इथं लिहिलेलं आमच्या घरातले निम्मे लोक वाचतात, आणि हे त्यांना लागणार. मग म्हटलं, लागू दे.

तर मंडळी, विषय एका वाक्याचा आहे. "कॅन्सरला चाकू लावला की तो पसरतो." हे वाक्य मी सास्तूरला पारावर ऐकलंय, लोहाऱ्याच्या एसटीत ऐकलंय, लग्नाच्या मांडवात ऐकलंय, आणि पुण्यात चांगल्या नोकऱ्या करणाऱ्या शिकल्यासवरल्या भावंडांकडूनही ऐकलंय. बोलणाऱ्याच्या आवाजात इतकी खात्री असते की समोरचा गप्पच बसतो. माझं म्हणणं असं, की तोंडाचा कॅन्सर तंबाखूनं होतो हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण त्यानंतर माणूस हातचा जातो तो पुष्कळदा या वाक्यामुळं.

आत्याचं उदाहरण घेतो. (तिला विचारून लिहितोय. "लिही की, मला काय लपवायचंय?" म्हणाली.) चाळीस वर्षांची मिसरीची सवय. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला, पुढं तिथंच जखम झाली. दुखत नव्हती. "उष्णता झालीय, सब्जा खा", "दाढ घासत असंल", "ताकदीच्या गोळ्या घे" असं करत चार महिने गेले. शेवटी लातूरला एका दातांच्या डॉक्टरांनी गालात बोट घालून बघितलं आणि तुकडा तपासायला पाठवू म्हणाले. झालं! घरात बैठक बसली. तात्या म्हणाले, "तुकडा काढला की भडकतंय. आपल्या पाव्हण्यात बघितलं न्हवं का?" काकूंना कुणी झाडपाला देणारा सांगितला होता. त्यात तीन आठवडे गेले. माझं भांडण त्या तीन आठवड्यांशी आहे.

तात्या खोटं बोलत नव्हते. पाव्हण्यात तसं घडलं होतं. पण कसं घडलं होतं? माणूस सहा-आठ महिने दुखणं अंगावर काढतो. मानेत गाठ येते, जबडा उघडेनासा होतो, तेव्हा डॉक्टरकडे जातो. तोवर रोग पसरलेलाच असतो. मग तुकडा काढतात, आणि चार महिन्यांनी माणूस जातो. घरच्यांना शेवटचं काय आठवतं? तो चाकू. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण पिढ्यानपिढ्या कावळ्यालाच दोष देत राहतो.

बायोप्सी म्हणजे असतं तरी काय? जखमेच्या कडेला सुई देऊन तेवढीच जागा बधिर करतात आणि डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. काही मिनिटांचं काम. त्यानं तोंडाचा कॅन्सर पसरतो असा पुरावा नाही. उलट तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हेच ठरत नाही. नसेल तर घरी जा, सुखानं झोपा. असेल तर किती खोल गेलाय, हाडाला लागलाय का, मानेतल्या ग्रंथींत गेलाय का, हे सीटी स्कॅन किंवा एमआरआयवरून बघतात आणि मगच पुढचं ठरतं.

आता मोठा चाकू. ऑपरेशनमध्ये गाठ काढताना तिच्या चारी बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर चांगला भागही काढतात, म्हणजे मागं काही राहू नये. जबड्याला लागलं असेल तर हाडाची कड किंवा तुकडा जातो. आणि बहुतेकदा मानेतल्या ग्रंथीही काढतात. इथं आमचे पाव्हणे म्हणतात, "तोंडाचा रोग, मग मान कशाला कापायची?" हाच प्रश्न मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नीट तपासला. मानेत गाठ लागत नाही अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाच्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्या गटात गाठ दिसली तरच काढल्या. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले : तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले 67.5 टक्के. म्हणजे ज्यांना चाकू आधी आणि जास्त लागला, तेच जास्त वाचले. तात्या, हे जरा दोनदा वाचा.

आकडे नको असतील तर माणूस सांगतो. शरद पवारांना 2004 साली, ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, 2024 ला, हा माणूस गावोगाव सभा घेत होता. राजकारण पटो न पटो, चाकू लागल्यावर काय होतं हे अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलंय. सगळेच वाचतात असा माझा दावा नाही. आर. आर. आबा 2015 च्या फेब्रुवारीत याच रोगानं गेले. रोग भारीच आहे, म्हणून तर त्याला वेळ द्यायचा नाही.

"पण चेहरा विद्रूप होतो त्याचं काय?" हा पुढचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. आत्याच्या गालाची पोकळी छातीवरचं मांस-कातडं फिरवून भरली. दहा दिवस नाकातल्या नळीतून पेज आणि दूध. मग सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार. त्यात तोंड आलं, लाळ आटली, चव गेली. ती रडली, चिडली, मधेच सोडून घरी यायला निघाली होती. जबडा आखडू नये म्हणून दातांत आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून रोज व्यायाम, खांद्यासाठी भिंतीवर बोटं चढवायची. आज भाकरी डाळीत कुस्करून खाते, बोलणं थोडं जड येतं पण भांडण पूर्वीसारखंच करते. दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. मिसरी बंद. हे सगळं सोपं नाही. पण चट्टा होता तेव्हाच दाखवलं असतं तर कापावं लागणारं याहून पुष्कळ कमी असतं. चेहऱ्याची काळजी असलेल्यांनी तर लवकर जायला हवं!

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किरणोपचार आणि केमो बसतं. कॅन्सरचं रुग्णालय बार्शीला आहे, मुंबईच गाठली पाहिजे असं नाही.

आणि आपला जिल्हा याबाबत अगदीच अडाणी नाही बरं का. बार्शीचे आणि टाटाचे डॉक्टर मिळून धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या 1 लाख 31 हजारांवर बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. एकाच एचपीव्ही तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये जगानं आपल्या बायाबापड्यांकडून शिकलं. तिकडं केरळात तर साध्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं बघितली. 2005 ला छापलेल्या त्या अभ्यासात तंबाखू-दारूची सवय असलेल्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाले. नुसतं बघितलं म्हणून! आपल्याकडंही आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांचं तोंड तपासण्याची सरकारी तरतूद आहे. कुणी विचारलं नाही तर आपण मागायचं.

सास्तूरच्या माणसाला भूकंप सांगायला नको. 1992 पासून किल्लारीच्या परिसरात हादरे बसत होते, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सगळं खाली आलं. त्या हादऱ्यांवरून पुढचं कुणाला ठामपणे सांगता आलं नसतं, भूकंपाचं भाकीत आजही करता येत नाही. तोंडाचं मात्र करता येतं. हे त्याचे हादरे : तीन आठवड्यांत न भरणारी जखम. पांढरा किंवा लाल चट्टा, त्यातला लाल जास्त वाईट. तिखट सोसेनासं होणं, तीन बोटं उभी मावतील एवढं तोंड न उघडणं. उगाचच हलणारा दात, दात काढल्यावर न भरणारा खड्डा. कानात कळ, मानेत गाठ. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं समजू नका. सुरुवातीला तो दुखतच नाही, हीच त्याची लबाडी आहे.

असो. भाषण लांबलं. तात्या, काकू आणि समस्त भावकी, माझ्यावर रागवायचं तर खुशाल रागवा. पण आज रात्री चूळ भरताना आरशासमोर बॅटरी धरून गाल बाजूला करून बघा, जीभ उचलून बघा. आणि पुढच्या वेळी कुणी "चाकू लावला की पसरतो" म्हणालं, तर त्याला विचारा, "न लावता कुणाचा थांबलाय?"